गजभिये मॅडमची पाच शहरं

इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या आमच्या ऑफिसात दोन हजार सहाच्या हिवाळ्यात एकच चर्चा होती. गजभिये मॅडमच्या हातांना होतं तरी काय?

बाई पन्नाशीला टेकलेल्या. शुक्रवारी दुपारी एकला कॉम्प्युटर बंद करायच्या, "चला, येते मी" म्हणायच्या आणि बोस्टनला जायच्या. नाहीतर शिकागोला. सोमवारी सकाळी हीथ्रोवरून थेट ऑफिसात हजर. केस नीट विंचरलेले, कार्डिगनची सगळी बटणं लावलेली, आणि दोन्ही तळहातांवर अंगठ्याच्या बेचक्यापाशी औषधाच्या पट्ट्या. विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही, फोड आले." शनिवार-रविवारी अटलांटिक ओलांडून जायचं आणि हाताला फोड घेऊन परत यायचं, असली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. आम्ही कॉव्हेंट्रीला मित्राकडे पत्ते कुटायला जायचं तरी आठवडाभर फोनाफोनी करणारी माणसं.

तर्क पुष्कळ होते. आमच्यातला एक मुलुंडकर छातीठोकपणे म्हणायचा, "तिकडे कोणीतरी आहे बघ."

"अरे, कोणीतरी आहे तर फोड कशाला येतील?"

"लाकडं फोडायला लावत असेल."

आम्ही हसायचो. खरं सांगायचं तर थोडे जळायचोही. पाउंड तेव्हा डॉलरच्या डोक्यावर बसला होता, हिवाळ्यात तिकिटं स्वस्त मिळायची, लोक न्यूयॉर्कला खरेदीला जायचे. पण मॅडमनी कधी साधा टी-शर्टसुद्धा आणला नाही. चॉकलेटही नाही. फोटो दाखवा म्हटलं तर म्हणाल्या, "फोटो काढायला वेळ कोणाला होता बाप्पा!"

मॅडम मूळच्या नागपूरच्या. नाव सुजाता, पण त्या नावानं त्यांना हाक मारायची आमची हिंमत नव्हती. इंग्रज मॅनेजर ‘सुजाटा’ म्हणायचा, आम्ही मराठी पोरं ‘मॅडम’. त्या टेस्टर होत्या. आम्ही घरांच्या विम्याचं सॉफ्टवेअर बनवायचो. मी कोड लिहायचो आणि त्या तो मोडायच्या. टेस्टरचं कामच ते, त्यात रागावण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला रोज सांगायचो आणि रोज रागवायचो. कारण मॅडमना त्या मोडण्यात जो आनंद व्हायचा, तो मी लोकांच्या चेहऱ्यावर पगाराच्या दिवशीही पाहिलेला नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. "अजित, हे तुझं पान. चालतं?"

"हो, चालायला पाहिजे."

"‘चालायला पाहिजे’ हे वाक्य माझ्यापाशी बोलायचं नाही. माझ्यासमोर करून दाखव."

मी खुर्चीत बसलो आणि माऊस हातात घेतला, तर म्हणाल्या, "असं नाही. तू आता एक्याऐंशी वर्षांची बाई आहेस. हात थरथरतो. चष्मा स्वयंपाकघरात राहिलाय. आणि तुला भीती वाटून राहिली आहे की चुकीचं बटण दाबलं तर घर जाईल. आता कर."

मी गंमत म्हणून हात थरथरवला. त्या हसल्या नाहीत. मग मी खरोखर चष्मा काढला. बटण दोनदा दाबलं गेलं आणि त्या पानानं एकाच घराचे दोन विमे उतरवले. मॅडमनी वहीत ‘नापास’ लिहिलं, खाली रेघ मारली, आणि डब्यातली संत्रा बर्फी माझ्यापुढे केली. नापास केल्यावर बर्फी द्यायची, ही त्यांची पद्धत. पास केल्यावर काही नाही. पास होणं तर कामच आहे नं, म्हणायच्या.

त्यांच्या वहीत अशी किती माणसं राहत होती कोण जाणे. एका हातानं टाईप करणारा सुतार. रात्रपाळी करून आलेली, डोळे मिटत आलेली नर्स. इंग्रजी वाचता न येणारा आजोबा. टेस्ट करताना मॅडम तो तो माणूस होऊन जायच्या. सुताराच्या दिवशी उजवा हात मांडीखाली दाबून बसलेल्या मी त्यांना पाहिलंय. "आपण आपणच म्हणून तपासलं तर सगळंच पास होतं," हे त्यांचं म्हणणं. नवऱ्याबद्दल एकदा कोणीतरी भोचकपणे विचारलं, तेव्हा तेवढ्याच थंडपणे म्हणाल्या, "तो प्रोजेक्ट बंद झाला." पुढे कोणी विचारलं नाही.

त्यांचा खरा राग मी एकदाच पाहिला, आणि तो माझ्यावरच निघाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात माझी आई पहिल्यांदा पुण्याहून यायची होती. एकटी. आता आपल्या लोकांत एक रीत पडून गेली आहे. आई-वडील एकटे येणार असले की तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवायची. आई रोज टेकडी चढत का असेना! खुर्ची सांगितली की कोणीतरी हात धरून इमिग्रेशनमधून काढतो, सामान उचलतो, बाहेर आणून आपल्या ताब्यात देतो. इंग्रजी बोलायला नको, पाट्या वाचायला नकोत. सगळे करतात, म्हणून मीही करत होतो. ऑफिसातून एअरलाईनला फोन लावला होता आणि मोठ्या आवाजात सांगत होतो, "येस, येस, शी कॅनॉट वॉक लाँग डिस्टन्स."

फोन ठेवला तर मागे मॅडम.

"आईला काय झालंय?"

"काही नाही. म्हणजे, ती गोंधळते जरा."

"गोंधळते, तर तिला रस्ता सांग. खुर्ची कशाला?" त्यांचा आवाज चढला. सगळं ऑफिस बघायला लागलं, पण मराठीत असल्यामुळे इंग्रजांना तरी कळलं नाही, तेवढीच माझी अब्रू वाचली. "गेल्या वर्षी मी आणि माझी मुलगी मुंबईच्या विमानानं आलो. तुझ्या-माझ्यासारख्यांच्या अठरा धडधाकट आया खुर्च्यांवर बसून पुढे निघून गेल्या. माझी यशो दीड तास रिकाम्या विमानात बसून होती. झाडूवाले आले, झाडून गेले. तिच्यासाठी खुर्चीच उरली नव्हती. तिला चालता येत नाही रे. खरंच येत नाही."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांना मुलगी आहे एवढंच मला माहीत होतं. यशोधरा दोन वर्षांची असताना तापाचं निमित्त झालं आणि पायांतलं बळ गेलं, हे त्या दिवशी कळलं. मी लगेच फोन करून खुर्ची रद्द केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक कागद होता. मोठ्या अक्षरांत, मराठीत, अकरा पायऱ्या. ‘१. विमान थांबल्यावर घाई करू नका. सगळे उठतील, तुम्ही बसून राहा. २. बाहेर आल्यावर पिवळी पाटी दिसेल. ३. अधिकाऱ्यानं काही विचारलं आणि समजलं नाही, तर हा कागद उलटा करून दाखवा.’ उलट्या बाजूला इंग्रजीत माझं नाव, नंबर आणि ‘या बाई आपल्या मुलाला भेटायला आल्या आहेत. कृपया सावकाश बोला.’ आई तो कागद हातात धरून, ट्रॉली ढकलत, निवडणूक जिंकल्यासारखी बाहेर आली. पुढे दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हीथ्रो कसं पार केलं ते ऐकवत होती. तो कागद ती परत जाताना पुण्याला घेऊन गेली.

एवढं सगळं माहीत असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तो जानेवारीत, मॅडमची गाडी सुरू होईना तेव्हा. शुक्रवार होता, टोरोंटोचं विमान होतं आणि त्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभ्या होत्या. मी म्हटलं, चला, मी सोडतो. त्यांनी आपल्या गाडीची डिकी उघडली आणि आतून घडी घातलेली व्हीलचेअर काढली.

"यशो येतेय का बरोबर?"

"नाही."

"मग ही?"

"ही तिची जुनी. आता माझी आहे." आणि ती माझ्या डिकीत आडवी टाकून पुढे येऊन बसल्या. "चल, लवकर. एम-वन हायवेवर काम सुरू आहे."

ल्यूटनपर्यंत मी गप्प होतो. माझ्यासारख्या माणसाला ते किती अवघड गेलं असेल! मग मॅडम आपण होऊनच बोलल्या. यशो कॉव्हेंट्रीला गणित शिकत होती, रोज ट्रेननं जाऊन-येऊन. शेवटचं वर्ष. पुढे तिला रोगांच्या साथींचं संख्याशास्त्र शिकायचं होतं आणि तिनं एकदम चार ठिकाणी अर्ज केले होते: बोस्टन, शिकागो, टोरोंटो, मॉन्ट्रियल. पाचवा अर्ज केंब्रिजला, तोही आईनं मिनतवाऱ्या केल्या म्हणून. आईनं अट घातली होती. आधी मी शहरं बघून येणार. जे शहर पास होईल, तिथे जा.

"आणि तुम्ही ती बघता कशी?"

"कशी म्हणजे? खुर्चीत बसून. शुक्रवारी उतरले की खुर्चीत बसते ते रविवारी एअरपोर्टवर उठते. हॉस्टेल ते कॉलेज, कॉलेज ते दुकान, दुकान ते दवाखाना. बसमध्ये चढायचं, उतरायचं. एकटीनं. कोणी मदत करतो म्हटलं तर नाही म्हणायचं."

असे हे फोड! मी गाडी चालवता चालवता त्यांच्या हातांकडे बघितलं, त्यांनी ओरडून सांगितलं, पुढे बघ.

"यशोला माहीत आहे?"

"मी शहर बघायला जाते एवढं माहीत आहे. खुर्ची शेडमध्ये असते, तिकडे ती जात नाही." मग जरा वेळानं, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अजित, ती पडली तर? बर्फात पडली आणि रस्त्यावर कोणी नसलं तर? कॉव्हेंट्रीला पडली तर मी अर्ध्या तासात पोचते. केंब्रिजला एका तासात. तिकडे सात तास लागतील रे. सात तास ती जमिनीवर..." पुढचं त्यांनी म्हटलं नाही. मी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

बोस्टन नापास झालं होतं, विटांच्या फुटपाथांमुळे. दात खिळखिळे झाले म्हणाल्या. शिकागो सपाट, बसेस चांगल्या, पण पुलावर असा वारा आला की खुर्ची आपोआप मागे जायला लागली, नापास. टोरोंटोहून सोमवारी आल्या तेव्हा मला फक्त मान हलवून दाखवली. ट्रामला तीन पायऱ्या. नापास. प्रत्येक नापासाबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसायला हवं होतं, पण मला तिथे थोडी हुश्श दिसायची. एक एक दार बंद होत होतं आणि पोरगी घरापाशी राहत होती. हे मला तेव्हाही दिसलं, पण मी बोललो नाही. मॅडमच्या टेस्टिंगवर शंका घेण्याइतका मी मोठा नव्हतो.

फेब्रुवारीत मॉन्ट्रियल. ते तर विचारूच नका. मेट्रोला नुसते जिने. शहर डोंगराच्या कुशीत, बर्फ वितळून झालेला घोटाभर चिखल. बसस्टॉपपासून दहा पावलांवर पुढची चाकं रुतली. मॅडम उठून चालू लागल्या असत्या तर अर्ध्या मिनिटात सुटल्या असत्या. पण नियम म्हणजे नियम. बसून राहिल्या. एक कॉलेजातली पोरगी धावत आली, "कॅन आय हेल्प यू?" तर या म्हणतात, "नो, थँक यू. आय ॲम सीइंग हाऊ लाँग इट टेक्स." पोरगी बिचारी घाबरून थोडी लांब जाऊन उभी राहिली आणि लक्ष ठेवत राहिली. पंचवीस मिनिटं. शेवटी मॅडमचे पाय बधिर झाले आणि त्या उठल्या. पोरगी बघतच राहिली. "तिला मी सॉरी म्हटलं," मॅडम म्हणाल्या. "पण समजावून सांगायला तोंड उघडेना, इतकी थंडी."

मार्चच्या पहिल्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. जेवण पाटवडी रस्स्याचं, पण खरं कारण वेगळं होतं. जेवणाच्या टेबलावर तीन प्रती ठेवलेल्या, स्टेपल केलेल्या. एक यशोला, एक त्यांना, एक मला. रिव्ह्यू मीटिंग! मी तटस्थ साक्षीदार. भिंतीवर बुद्ध, शेजारी निळ्या सुटातली तसबीर, आणि त्यांच्याखाली मी रस्सा नाकातोंडातून वाहत असताना ‘मॉन्ट्रियल, पायरी सात, अपेक्षित निकाल’ वाचतोय. माझी काय अवस्था झाली असेल!

यशोला मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. एकवीस वर्षांची, आखूड केस, आईसारखंच रोखून बघणं. खांदे मात्र पैलवानासारखे. ती पानं उलटत होती. चार शहरं, चार नापास. शेवटच्या पानावर ‘शिफारस: केंब्रिज’. मग ती मागे गेली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि थांबली.

"आई, ‘तळहाताला फोड, चार’. कोणाच्या तळहाताला?"

मॅडम पाणी ओतायला उठल्या.

"आई. कोणाच्या?"

"माझ्या."

"तू माझ्या खुर्चीत बसलीस?"

यशो आईच्या हातांकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच तिचा आवाज कडक झाला. "पंचवीस मिनिटं चिखलात बसून राहिलीस? कशाला गं? मी असते तर दोन मिनिटांत त्या मुलीला हाक मारली असती! मी रोज मारते. कॉव्हेंट्रीला रॅम्प नसतो तेव्हा मारते, लिफ्ट बंद असते तेव्हा मारते. तू विचारायचंच नाही असा रूल केलास. का? मी असं जगतच नाही, आई. आणि फोड तुला येणारच, तू आयुष्यात चार शनिवार-रविवार चाकं ढकललीस. मी सोळा वर्षं ढकलतेय. यात तू मला टेस्ट केलंच नाहीस. तू स्वतःलाच टेस्ट केलंस."

मी पाटवडीकडे बघत राहिलो. पळून जावं असं फार वाटत होतं.

"आणि केंब्रिजचा रिपोर्ट कुठाय?" यशोनं विचारलं.

"म्हणजे?"

"केंब्रिज पास आहे ना? मग कुठाय रिपोर्ट? कधी गेलीस? किती वेळ खुर्चीत बसलीस?"

मॅडमनी आपली प्रत उचलली आणि पानं उलटली. नसलेलं पान शोधत होत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत या बाईनं न तपासलेली एक ओळ कधी पास केली नव्हती. त्या टेबलापाशी बसल्या. "गेलेच नाही," असं हळूच म्हणाल्या. "केंब्रिज... तपासलंच नाही मी."

एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. यशोही वरमली. पुढे होऊन आईचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. "मॉन्ट्रियलला मला घेतलंय. तिथेच जायचंय मला, तिथले सर मला पाहिजेत. पण तू म्हणतेस तर टेस्ट करू. मी जाते. एक शनिवार-रविवार. एकटी. तू यायचं नाही, फोन करायचा नाही. मी उतरले की एक मेसेज करीन. परत आल्यावर रिझल्ट मी देईन, कारण यूजर मी आहे."

मॅडमनी होकार द्यायला किती वेळ घेतला, ते मला सांगता येणार नाही. माझा रस्सा गार झाला होता.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी यशो गेली. ‘उतरले’ असा मेसेज आला. शनिवारी सकाळी मॅडमनी मला बोलावून घेतलं, म्हणे कपाट सरकवायचंय. कपाट सरकवलं. मग परत जागेवर सरकवलं. घरात इतक्या पुऱ्या तळलेल्या होत्या की अख्ख्या गल्लीला पुरल्या असत्या, आणि त्या अजून लाटतच होत्या. मी काही विषय काढला की ‘हं’ म्हणायच्या. दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. मेसेज. त्यांनी पिठाच्या हातानं उचलला आणि मला वाचायला दिला, स्वतः वाचेनात.

‘अडकले. ठीक आहे.’

"एवढंच?"

"एवढंच."

त्या उठल्या, हात न धुता लॅपटॉप उघडला. मी मागे उभा. एअरलाईनचं पान उघडलं, त्याच संध्याकाळचं विमान, प्रवाशाचं नाव, पासपोर्ट नंबर. सगळं तोंडपाठ. कीबोर्डवर पीठ सांडत होतं. शेवटचं बटण उरलं. बोट बटणावर आणि त्या नुसत्या बसलेल्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी ‘दाबा’ म्हणालो नाही आणि ‘नका’ही म्हणालो नाही. मला खरंच कळत नव्हतं काय बरोबर.

मग त्यांनी लॅपटॉप मिटला. "तिनं बोलावलं नाही मला," त्या म्हणाल्या. "ठीक आहे म्हणाली नं ती. ठीक आहे म्हणाली." आणि ओट्यापाशी उभं राहून घळाघळा रडल्या. मी काय करणार, पुऱ्या लाटायला घेतल्या. एकही गोल झाली नाही.

सोमवारी सकाळी सातला आम्ही हीथ्रोला. मॅडमना गाडी चालवू द्यायची नाही असं मी ठरवलंच होतं. मुंबईचं विमान नुकतंच उतरलं होतं. आपल्याकडच्या आया एकामागून एक खुर्च्यांवर बसून बाहेर येत होत्या, मांडीवर पिशव्या धरून. मी नजर चुकवली. मॅडमचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या चवड्यांवर उभ्या राहून आत बघत होत्या.

आणि यशो आली. स्वतः ढकलत, जोरात, एका हातात ग्लोव्ह, दुसरा हरवलेला. हनुवटीवर हे एवढं खरचटलेलं. तोंडभर हसू.

मॅडमना सगळ्यात आधी ती हनुवटीच दिसली. "पडलीस?"

"पडले."

"कुठे?"

"फुटपाथवर. बर्फावरून चाक घसरलं आणि मी बाहेर. आई, ऐक नं. मी पडले. दोन मिनिटं पडून होते. मग एक काका आले, बेकरीवाले. मी त्यांना सांगितलं कुठे धरायचं, त्यांनी धरलं, मी बसले. मला गरम गरम ब्रेड दिला. बस्स. संपलं."

"आणि अडकलीस ती?"

"मेट्रोत. चौघांना विचारलं. दोघं हो म्हणाले, दोघं लाजून हो म्हणाले. मी सांगत होते, तू डावीकडून, तू चाक धरू नकोस. खुर्चीसकट खाली. नंतर त्यांनीच विचारलं, उद्या किती वाजता येणार आहेस?" ती दम घ्यायला थांबली. "तू सतत विचारतेस नं, पडली तर? पडून झालं, आई. आता ते नको विचारूस."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, असं मोठं, की ट्रॉल्या ढकलणारे लोक वळून बघायला लागले. हसता हसता त्या वाकल्या, लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खरचटलेल्या जागेवर फुंकर घातली. यशो म्हणाली, "आई, लोक बघतायत." मॅडम म्हणाल्या, "बघू देत नं!" माझ्या छातीवरचा तीन दिवसांचा दगड उतरला. माझा काय संबंध, पण उतरला.

"रिझल्ट विचार की," यशो म्हणाली.

"नाही विचारत," मॅडम म्हणाल्या. "कळला."

परतताना यशो पुढे बसली, मला मॉन्ट्रियलच्या थंडीच्या गोष्टी सांगत. मॅडम मागच्या सीटवर. एम-ट्वेंटीफाइव्ह संपायच्या आत त्यांची मान मागे पडली, तोंड उघडं, आणि घोरणं सुरू झालं. साधंसुधं नाही, खणखणीत. यशो आरशात बघून हळूच म्हणाली, "ही झोपते अशी? मी कधी पाहिलं नाही." त्या दिवशी मॅडमनी ऑफिसला दांडी मारली. मी नोकरीला लागल्यापासून ती त्यांची पहिलीच. मॅनेजर मला विचारत होता, सुजाटा बरी आहे ना? मी म्हटलं, फार बरी आहे.

सप्टेंबरमध्ये यशो गेली. पुढच्या वर्षी मला केंब्रिजला नोकरी लागली आणि मिल्टन कीन्स सुटलं. त्या आधीचा एक शुक्रवार मला आठवतो. मॅडमची गाडी पुन्हा गॅरेजमध्ये होती, मीच सोडायला गेलो होतो. या वेळी डिकीत काही नव्हतं. खांद्यावर एक छोटी बॅग, बस्स.

"यशोकडे?"

"छे. ती म्हणाली, तिची परीक्षा आहे, येऊ नको." त्या जरा लाजल्यासारख्या झाल्या. "कॅनडातच, हॅलिफॅक्सला चालले."

"तिथे काय आहे?"

"समुद्र आहे म्हणतात. आम्हा नागपूरकरांना समुद्राचं भारी कौतुक." आणि मग, "दोन दिवस बसणार आहे समुद्राकडे बघत. दुसरी कोणी होऊन नाही. मी मीच म्हणून."

टर्मिनलपाशी मी गाडी थांबवली. त्या उतरल्या, दार लावलं, चार पावलं गेल्या आणि परत येऊन खिडकीवर टकटक केली. मी काच खाली केली.

"अजित, तिथे पाऊस असेल का रे? मी बघितलंच नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "माहीत नाही, मॅडम."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात हलवत आत गेल्या.